साकेच्या चोथ्यातलं लोणचं

३ जून

आज ८४ वा दिवस. वही मी आणलेली नाही. दारू सोडलेल्यांचं आमचं मंडळ आहे, तिथल्या हामानो आजींनी हातात कोंबली. म्हणाल्या, "सुगितानी, तुम्ही बोलताना फार सजवून बोलता. घरी जरा न सजवता लिहून बघा." चाळीस वर्षांपूर्वी स्वतः बादलीने पिणारी बाई, तिच्यापुढे काय बोलणार? लिहितो.

तर न सजवता. मी सत्तावन्न वर्षांचा. अठ्ठावीस वर्षं बस चालवली, या तळ्याकाठच्या आणि वर देवळाच्या घाटातल्या. १२ मार्चला सकाळी डेपोत नेहमीप्रमाणे दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारली आणि यंत्र बोंबललं. रात्रीची उतरली नव्हती. सगळे ड्रायव्हर रांगेत उभे होते. माझी गाडी सव्वीस मिनिटं उशिरा सुटली, तीही दुसऱ्या ड्रायव्हरने, तोकुदाने नेली. स्टॉपवर दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या ताटकळत बसल्या होत्या, असं नंतर कळलं.

काढूनच टाकायचे. डेपोचे कुराहाशी साहेब मध्ये पडले. ठरलं ते असं: ऑगस्ट अखेरपर्यंत मी गाड्या धुवायच्या, रोज सकाळी बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहून फुंकायचं, आणि यंत्रावर एकदाही शून्याच्या वर आकडा आला नाही तर एक सप्टेंबरला घाटातली गाडी परत माझी. उन्हाळा काढायचा, एवढंच. लोक म्हणतात हिवाळ्यात सोडणं सोपं, उन्हाळ्यात खरी परीक्षा. मी मार्चमध्ये पकडला गेलो, हेही माझं नशीबच.

११ जून

मंगळवार, मंडळ. तिथे नियम एकच, बोलायचं आणि ऐकायचं, कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. घरच्यांनाही बोलावं लागतं. आज मिसाएची पाळी आली. एरवी चार शब्द न बोलणारी माझी बायको उभी राहिली आणि म्हणाली, "हे तांदळाच्या डब्यात बाटली ठेवायचे. मला माहीत होतं. मी रोज वरून वरून तांदूळ काढायचे, बाटलीला हात लागू नये म्हणून. अकरा वर्षं."

अकरा वर्षं! मला वाटायचं, काय जागा शोधली आहे पठ्ठ्याने. मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत बसलो.

६ जुलै

पस्तीस अंश. गाडीचा पत्रा एवढा तापतो की पाणी मारलं की वाफ येते. दुपारी सावलीत जवाचा थंड चहा पीत बसलो होतो तर तोकुदा आला.

"काय सुगितानी, जवाचंच चाललंय ना?"

"जवाचंच. फेस तेवढा नाही."

हसला लेकाचा. मग म्हणाला, "आज स्टेशनासमोरच्या गच्चीवर सगळे जाणार आहोत बिअरला. तुला बोलवत नाही, राग मानू नकोस."

"बोलावलं असतंस तर मानला असता."

हे मी सहज म्हणालो, पण संध्याकाळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेलो. त्या गच्चीवरचे लाल कंदील खालून दिसतात आणि ग्लास आपटल्याचा आवाजही येतो. कोपऱ्यावरच्या नाणी टाकायच्या यंत्रात बिअरचे डबे दिव्याखाली उभे असतात, त्या यंत्राकडे मी अलीकडे बघतही नाही. बघत नाही म्हणजे कुठला डबा कितव्या खणात आहे ते अजून पाठ आहे.

१४ जुलै

मेहुण्याची उन्हाळ्याची भेट आली. कझुमा दरवर्षी या दिवसांत बिअरचं खोकं पाठवायचा. या वर्षी वर चिठ्ठी: "भाऊजींचा विचार करून यंदा बिअर नाही." आत काय? त्यांच्या नारा शहराचं प्रसिद्ध लोणचं, नाराझुके. पांढरी काकडी, साकेच्या म्हणजे तांदळाच्या दारूच्या चोथ्यात दोन-दोन वर्षं मुरवलेली. पाकीट उघडायच्या आधीच खोली घमघमली.

मिसाए कपाळाला हात लावून हसली. "या माणसाला काय म्हणावं!" परत पाठवायचं तर त्याला वाईट वाटणार. टाकायचं तर अन्न. शेवटी तिने ते फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवलं. "वामच्या दिवशी दोन-दोन फोडी, चोथा धुऊन. चालेल ना?"

चालेल म्हणालो. लोणच्याला कोण घाबरतं? आमच्याकडे उन्हाळ्यात वाम मासा खायचा दिवस असतो आणि वामबरोबर हे लोणचं नसलं तर जेवल्यासारखंच वाटत नाही. हे काही मी केलेले नियम नाहीत.

२४ जुलै

वाम. कोळशावर भाजलेली, वर गोडसर सॉस, खाली गरम भात. मिसाएने रांगेत चाळीस मिनिटं उभं राहून आणली, एकच मोठी, मधोमध कापून. शेपटीकडचा भाग तिने घेतला, मला डोक्याकडचा दिला. खूप दिवसांनी तिने रेडिओ लावला. शाळेच्या पोरांची बेसबॉलची मॅच लागली होती. आमच्या प्रांताची पोरं हरत होती, तरी ती ऐकत बसली. म्हणाली, "सप्टेंबरात तुमच्या गाडीने देवळात जाऊ. मी पुढच्या सीटवर बसेन, पण ओळख दाखवणार नाही."

लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या. बऱ्या होत्या.

२५ जुलै

यंत्र वाजलं.

१३६ वा दिवस आणि यंत्र वाजलं. रांगेत सगळे. तोकुदा माझ्या मागेच होता. आकडा लहान होता, पण आकडा होता. मी लगेच म्हणालो, "काल रात्री वामबरोबर नाराझुकेच्या दोन फोडी खाल्ल्या." दोघं-तिघं हसले, एक जण म्हणाला, हो, होतं असं, माझंही एकदा झालं होतं. कुराहाशी साहेबांनी गुळण्या करायला लावल्या, वीस मिनिटं बाकावर बसवलं आणि परत फुंकायला सांगितलं. आकडा कमी झाला, पण पुरता गेला नाही. जुनं यंत्र आहे ते, दोन वर्षं झाली बदला बदला म्हणतोय.

साहेबांनी आकडा लिहून घेतला.

घरी फोन करून मिसाएला सांगितलं. ती म्हणाली, "मी येते." दुपारच्या रणरणत्या उन्हात राखाडी ड्रेस घालून आली, तो लग्नकार्याला घालते तो, हातात मिठाईचा डबा. मी गाडीपाशी पाइप घेऊन होतो. ऑफिसच्या काचेतून दिसत होतं, साहेबांसमोर कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. दहा मिनिटांनी बाहेर आली. मी विचारलं, "काय झालं?"

"सांगितलं मी," म्हणाली. "ठरलंय तसंच चालू राहील म्हणाले. एकतीस ऑगस्टपर्यंत." आणि छत्री उघडून निघून गेली.

सगळा दोष स्वतःच्या स्वयंपाकावर घेतला असणार बिचारीने. अशी आहे ती.

२६ जुलै

न सजवता.

काल पहाटे पाचला उठलो. ती झोपली होती. पाणी प्यायला फ्रीज उघडला. पाणी पुढेच होतं. माझा हात मागे गेला.

एक फोड म्हणून काढली. मग उरलेल्या सगळ्या. चोथा न धुता. मग नुसता चोथा, बोटाने, ओट्याशी उभं राहून. मग पाकीट उभं कापलं आणि आतून चाटलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, बनियनवर, प्लास्टिकची पिशवी चाटतोय. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुःखाने नाही, चवीने. पाकीट चुरगाळून जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी खुपसलं, वर माशाचे काटे टाकले, दात घासले आणि डेपोत गेलो.

मी प्यायलो नाही. एक थेंबही नाही. हे मी कालपासून शंभर वेळा स्वतःला सांगितलं. प्यायलो नाही, खाल्लं. शेण खाल्लं. आणि माझ्या बायकोने भर उन्हात जाऊन त्याची माफी मागितली आणि मी पाइप धरून बघत राहिलो.

२८ जुलै

आज प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस. पिशवी बाहेर ठेवायला गेलो तर आत ते पाकीट. स्वच्छ धुतलेलं, वाळवलेलं, सपाट घडी घातलेलं. मला घामच फुटला. पण मिसाए कचऱ्याच्या बाबतीत पक्की आहे, चुकीच्या पिशवीत काही सापडलं की धुऊन बरोबर पिशवीत टाकते. सवयीने धुतलं असेल. पाकीट कसलं, कापलं कसं, एवढं कोण बघतं? काही म्हणाली नाही. म्हणजे तिच्या लक्षात आलं नाही.

३० जुलै

मंडळ. उभा राहिलो, नाव सांगितलं, "आज १४१ वा दिवस" म्हणालो. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या कानात अजून वाजतायत. हामानो आजी म्हणाल्या, "सुगितानी, आज फार छोटं बोललात." मिसाएची पाळी आली तर ती नुसतं नाव सांगून म्हणाली, "आज बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही," आणि बसली. उकाड्याने दमली असेल.

७ ऑगस्ट

दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण मला कळतं, की डेपोत सगळे माझ्याशी फार बरे वागतायत. तोकुदाने जवाच्या चहाचा विनोद करणंच सोडलं. आता भेटला की नुसती मान हलवतो. लोणच्याच्या प्रकाराने बिचाऱ्याला माझी दया आली असावी. मला दया नको. शिव्या घाल म्हणावं.

कुराहाशी साहेब मात्र म्हातारे होत चाललेत. सकाळी हजेरीला तेच ते तीन प्रश्न असतात: झोप झाली का, तब्येत कशी, काही सांगायचं आहे का. बाकीच्यांना भराभर विचारतात. माझ्यापाशी आले की तिसऱ्या प्रश्नानंतर थांबूनच राहतात, कागदावर पेन टेकवून. मी म्हणतो, "नाही, साहेब." तरी थांबतात. मागचे खोकायला लागतात. उन्हाचा परिणाम.

घरी सगळं ठीक. मिसाए मजेत आहे, हसतखेळत कामं करते. तिला कसला संशय नाही, हाच एक दिलासा. आणि हाच काटा.

१५ ऑगस्ट

पितरांचे दिवस. कझुमा नाराहून आला. सकाळी थडग्यांवर जाऊन आलो. माझ्या वडिलांच्या दगडावर दरवर्षी मी पेलाभर साके ओततो. यंदा मिसाएने थर्मासमधून चहा ओतला. म्हातारा आत तळमळला असेल.

दुपारी कझुमाने विचारलं, "भाऊजी, लोणचं कसं होतं?"

मी गंमत म्हणून सांगायला गेलो. देवाशपथ, गंमत म्हणून. "लोणचं झकास, पण नोकरी जाता जाता वाचली रे! तुझ्या दोन फोडींनी यंत्र वाजलं."

त्याचा चेहरा पडला. माणूस पन्नाशीचा, शाळेत उपमुख्याध्यापक, चटईवर मागे सरकला, हात टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. "भाऊजी, मला माफ करा. मी गाढव आहे. मला समजायला हवं होतं."

तेवढ्यात मिसाए कलिंगड घेऊन दारात आली. उभी राहिली. मी काय म्हणालो ते लिहितो, लिहायलाच हवं. मी म्हणालो, "अरे ऊठ ऊठ. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस. माझा राग नाही तुझ्यावर."

मी त्याला माफ केलं! मी!

मिसाएने कलिंगडाचं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. बराच वेळ नळ चालू होता. कझुमा मान वर करेना. मी कलिंगडाच्या तीन फोडी खाल्ल्या, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

रात्री अंथरुणावर तिला विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे," म्हणाली आणि कूस बदलली. आज मला माझा वास येतोय.

२७ ऑगस्ट

मंडळात नवा माणूस आला. मच्छीबाजारात बर्फ फोडायचं काम करतो, चाळिशीचाही नसेल. बायको बरोबर. त्याचे हात इतके थरथरत होते की चहाचा कप बायकोने धरून पाजला. माझी पाळी आली, "१६९ वा दिवस" म्हणालो. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला मागे वळून पाहावंसं वाटलं, मागे कोणी दुसरा उभा आहे का.

संपल्यावर चपला घालताना जवळ आला. "दादा, १६९ दिवस. उन्हाळ्यातसुद्धा. कसं जमलं हो? मला तर बारा तास होत नाहीत."

"जमतं," म्हणालो. "एकेक दिवस."

त्याची बायको रडायला लागली आणि मला वाकून नमस्कार करायला लागली. पुन्हा पुन्हा. मिसाएने पुढे होऊन तिला धरलं. माझा एक पाय चपलेत आणि एक बाहेर. म्हणावंसं वाटलं, बाई, मला नका वाकू, मी तेहतीस दिवसांचा आहे. वाकून दुसरी चप्पल शोधली. लोकांनी लाज सोडलेली असते, मी कोळून प्यायलोय.

३० ऑगस्ट

परवा गाडी. मिसाएने गणवेश इस्त्री करून हँगरला लावला. मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

दिवसभर हिशेब चालला आहे डोक्यात. सांगितलं तर काय? गाडी जाईल. कदाचित नोकरीच जाईल, साहेबांनी स्वतःची मान माझ्यासाठी पुढे केली होती. आणि मिसाए खोटी पडेल, तिने तिथे वाकून माझ्यासाठी शब्द टाकला आहे. नाही सांगितलं तर परवा सकाळी त्याच म्हाताऱ्या गाडीत चढतील, "अगबाई, सुगितानी परत आले" म्हणतील, आणि घाटातल्या वळणांवर झोपून जातील, कारण चालवणारा भरवशाचा आहे.

ज्याने पाकीट चाटलं तो परवा पुन्हा फ्रीज उघडेल की नाही, हे मला माहीत नाही. हे खरं. त्या बर्फवाल्याला मी जे सांगितलं ते खोटं.

३१ ऑगस्ट

सकाळी रांगेत उभा राहिलो. फुंकलं. शून्य. झोप झाली का? नाही झाली. तब्येत? बरी नाही. साहेबांनी तिसरा प्रश्न विचारला आणि थांबले.

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी दोन फोडी नव्हत्या. अख्खं पाकीट होतं. पहाटे उठून, चोथ्यासकट. चवीसाठी नाही, दारूसाठी. दोन फोडी म्हणालो ते खोटं होतं. बायकोचा यात काही दोष नाही, तिला माहीत नव्हतं, तिने तुम्हाला जे सांगितलं ते माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं." मग काय करावं ते न कळून वाकलो, आणि माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिलो.

साहेबांनी पेन टेकवलेलं होतं ते उचललं आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर म्हणाले, "सुगितानी, आत या."

आत त्यांनी दार लावलं. म्हणाले, "तुमच्या बाईंना माहीत होतं."

मी म्हणालो, "नाही साहेब."

"त्या आल्या होत्या ना, मिठाई घेऊन. मला वाटलं, पाठीशी घालायला आल्या. त्या म्हणाल्या, ह्यांनी पाकीट संपवलं, मला कचऱ्यात सापडलं. ह्यांच्यासाठी रदबदली करायला आले नाही. पण एवढं करा, ह्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तोवर कुणी काही विचारू नका. आणि एकतीसपर्यंत नाहीच बोलले, तर गाडी देऊ नका."

त्यांनी सप्टेंबरचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. घाटातल्या गाडीसमोर तोकुदाचं नाव होतं. आठवड्यापूर्वीच छापलेलं. म्हणजे तोकुदालाही माहीत होतं. दुसऱ्यांदा फुंकूनही आकडा उरला तेव्हाच रांगेतल्या सगळ्यांना माहीत झालं होतं, वर्षानुवर्षं हे यंत्र फुंकणारे लोक ते. सदतीस दिवस मी एका अख्ख्या डेपोसमोर उघडा फिरत होतो आणि अंगावर कपडे आहेत असं समजत होतो.

"आता?" मी विचारलं.

"आता डिसेंबर अखेरपर्यंत गाड्या धुवा. रोज फुंका. मग बघू." मग तक्ता परत ओढून घेत म्हणाले, "काल संध्याकाळी मला वाटलं होतं, तुम्ही बोलत नाही."

दिवसभर गाड्या धुतल्या. तोकुदा घाटातली गाडी घेऊन आला तेव्हा खिडकीतून ओरडला, "मागची काच नीट घास रे, गेले महिनाभर अर्धवट घासतोयस!" मला एवढं बरं वाटलं की पाइप तोंडावर धरून उभा राहिलो, कुणाला दिसू नये म्हणून.

घरी आलो. मिसाए ओट्याशी उभी राहून वांगी चिरत होती. गणवेश हँगरवर नव्हता, तिने आत ठेवून दिला होता. साहेबांचा फोन आला असणार.

मी दारातच म्हणालो, "तुला त्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"आणि कझुमाने कपाळ टेकलं तेव्हा?"

"तेव्हाही."

मला राग यायला हवा होता, तो येईना. मी म्हणालो, "मग एवढे दिवस माझ्याशी हसत कशी राहिलीस गं?"

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे वळली. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले, चार-पाच किलो तरी उतरली होती. हे कधी झालं?

"हसत कुठे होते?" ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत कधी माझ्याकडे?"